बॅटरीतलं लिथियम गोळीत कसं?

या वेळी दोन पत्रं घेतली आहेत. पहिलं सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंचं. त्यांचे प्रश्न चार पानांत विखुरलेले होते, ते सुटे करून क्रमाने लावले आहेत. दुसरं पत्र यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायत सदस्यांचं. ओळख पटेल असं सगळं दोन्हींतून काढून टाकलं आहे.

प्रश्न : माझ्या थोरल्या भावाला दोन वर्षांपूर्वी डिप्रेशन आलं. दुकानात जाणं बंद, अंघोळसुद्धा मागे लागल्याशिवाय नाही. गोळ्या सुरू झाल्या, दीड महिन्यात फरक पडला, आम्ही नारळ फोडला. पण मग तो जरा जास्तच बरा झाला! रात्री तीन तास झोपायचा, पहाटे चारपासून लोकांना फोन. पतसंस्थेचं कर्ज काढून दोन टेम्पो घेतले. नगरपालिकेला उभं राहणार म्हणून चौकात फ्लेक्स लावले. कुणी अडवलं की अंगावर धावून जायचा. आता मिरजेच्या मानसोपचारतज्ज्ञांनी बायपोलर म्हणून सांगितलंय आणि लिथियम दिलंय. भाचा दहावीत आहे. तो म्हणाला, "आत्या, लिथियम तर मोबाईलच्या बॅटरीत असतं." तेव्हापासून वहिनी गोळी द्यायला घाबरतात. हे खरंच तेच लिथियम का?

उत्तर : ताई, भाच्याचं बरोबर आहे. मूलद्रव्य तेच. इतकंच काय, गोळीत असतं ते लिथियम कार्बोनेट बॅटरीचे कारखानेही कच्चा माल म्हणून घेतात. तरीही वहिनींनी घाबरण्याचं कारण नाही. सोडियम हा धातू पाण्यात टाकला तर पेट घेतो आणि त्याच सोडियमचा क्षार आपण रोज आमटीत घालतो. धातू वेगळा, क्षार वेगळा. औषधाचा क्षार अतिशुद्ध केलेला असतो आणि मिलिग्रॅममध्ये मोजून दिलेला असतो.

सोडियमचं नाव मुद्दाम घेतलं. आवर्तसारणीत लिथियम सोडियमच्या बरोबर वरच्या घरात आहे आणि आपल्या मूत्रपिंडांना या दोघांत फारसा भेद करता येत नाही. या औषधाची बहुतेक पथ्यं या एका गोष्टीतून निघतात. पण आधी ते मानसोपचारात आलं कसं ते सांगतो, कारण दर काही महिन्यांनी रक्त का तपासायचं याचं उत्तर त्या हकिगतीत आहे.

लिथियम १८१७ साली स्वीडनमध्ये एका खनिजात सापडलं. एकोणिसाव्या शतकात ते गाउटवर, म्हणजे सांध्यांत युरिक अ‍ॅसिड साठून होणाऱ्या दुखण्यावर देत. जॉन केड हे ऑस्ट्रेलियन डॉक्टर दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या चांगी छावणीत साडेतीन वर्षं जपान्यांचे कैदी होते. सुटून परतल्यावर मेलबर्नजवळ बंडूरा इथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात, वापरात नसलेल्या एका कोठीघरात त्यांनी प्रयोग मांडले. उन्मादाच्या, म्हणजे तुमच्या दादांसारखी झोप उडून उत्साह अनावर झालेल्या, रुग्णांच्या लघवीतून काही विषारी द्रव्य बाहेर पडत असावं, असा त्यांचा तर्क होता. ती लघवी, आणि मग तिच्यातली द्रव्यं वेगवेगळी, ते गिनिपिगना टोचून पाहत. युरिक अ‍ॅसिड पाण्यात नीट विरघळेना, म्हणून त्यांनी त्याचा लिथियमचा क्षार घेतला, आणि एरवी बिथरणारे गिनिपिग शांत पडून राहिले. मूळ तर्क चुकीचा होता. प्राण्यांचं शांत होणंही बहुधा जास्त मात्रेची गुंगी असावी. पण केड यांनी शांतपणाचा धागा सोडला नाही. आधी स्वतः लिथियम घेऊन पाहिलं आणि मार्च १९४८ मध्ये, पाच वर्षं सतत उन्मादात असलेल्या ५१ वर्षांच्या एका रुग्णाला दिलं. काही महिन्यांत तो माणूस घरी गेला, जुन्या कामावर रुजू झाला. १९४९ मध्ये केड यांनी उन्मादाच्या दहा रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध केले.

पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. त्या पहिल्या रुग्णाने बरं वाटल्यावर गोळ्या सोडल्या. आजार उलटला. औषध पुन्हा सुरू झालं आणि १९५० मध्ये लिथियमच्याच विषबाधेने तो गेला. रक्तातलं प्रमाण मोजून मात्रा ठरवण्याची पद्धत तेव्हा नव्हती. नेमकं १९४९ मध्येच अमेरिकेत हृदयरोग्यांना मिठाऐवजी लिथियमचं मीठ खायला दिलं गेलं आणि त्यातही माणसं दगावली. मोजमापाशिवाय दिलेल्या लिथियमने असं नाव घालवलं. पुढे रक्तातली पातळी मोजता येऊ लागली. डेन्मार्कच्या मॉगेन्स शाऊ यांनी १९५४ पासून काटेकोर चाचण्या घेतल्या आणि लिथियम उन्माद उतरवतं, शिवाय पुढचे झटकेही रोखतं, हे सहकाऱ्यांसह दाखवलं. शाऊ यांच्या सख्ख्या भावाला वारंवार नैराश्य येत असे. अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळायला १९७० साल उजाडलं.

म्हणून रक्ततपासणी. रात्रीची गोळी घेतल्यावर बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यायचं. नेहमीच्या उपचारात पातळी साधारण ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रति लिटर ठेवतात, गरजेप्रमाणे थोडी वर. दीडच्या पुढे धोका. त्यासोबत मूत्रपिंड, थायरॉइड आणि कॅल्शियम हेही सहा महिन्यांनी बघतात. आता मिठाकडे येऊ. शरीरातलं पाणी किंवा मीठ कमी झालं की मूत्रपिंडं सोडियम धरून ठेवतात आणि त्याच भरात लिथियमही धरून ठेवतात. गोळी तेवढीच, पण रक्तातलं प्रमाण चढतं. त्यामुळे दादांनी निर्जळी उपवास करू नये, अचानक अळणी खाणं सुरू करू नये. जुलाब-उलट्या झाल्या, वैशाखातल्या उन्हात फार घाम गेला, तर डॉक्टरांना फोन करावा. अंगदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी लिथियम वाढतं. पॅरासिटामॉल चालतं. ब्लडप्रेशरची काही औषधंही पातळी वाढवतात, तेव्हा दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तरी लिथियमचं नाव आधी सांगा. हात बारीक थरथरणं आणि तहान लागणं नेहमीचं आहे. पण हात जोरजोरात कापायला लागले, तोल जाऊ लागला, बोबडी वळली, उलट्या-जुलाब सुरू झाले, तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

प्रश्न : मग आधीचं डिप्रेशन खोटं होतं का? पहिल्या डॉक्टरांनी चुकीचं औषध दिलं का?

उत्तर : डिप्रेशन खरंच होतं. बायपोलर हा एकच आजार दोन टोकांना जातो, आणि बऱ्याच जणांत पहिलं टोक नैराश्याचं असतं. त्या वेळी समोर बसलेल्या माणसाकडे पाहून हे साधं नैराश्य की बायपोलरमधलं, हे कळत नाही. लक्षणं तीच : मन उदास किंवा कशातच गोडी नाही, झोप-भूक बिघडलेली, अंगात त्राण नाही, लक्ष लागत नाही, सगळं आपल्यामुळेच बिघडलं अशी बोचणी, मरणाचे विचार. हे दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ राहिलं की त्याला आजार म्हणायचं. आपल्याकडे त्यातही अडचण अशी की 'मी उदास आहे' म्हणत फार थोडे लोक येतात. 'अंग दुखतं', 'छातीत धडधडतं', 'हातपाय गळाल्यासारखे वाटतात', 'करमत नाही' असं म्हणत येतात. मग थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासलं जातं. ते तपासायलाच हवं, पण रिपोर्ट नॉर्मल आले की 'काही नाही, टेन्शन घेऊ नका' म्हणून माणूस घरी पाठवला जातो.

एकाच माणसात उदासी आणि उन्माद आलटून-पालटून येतात, हे पॅरिसच्या फाल्रे यांनी १८५० च्या दशकात नीट मांडलं. जर्मनीत क्रेपेलिन यांनी १८९९ मध्ये दोन्हींना एका आजारात बांधलं. उन्मादाच्या टोकाची खूण ओळखायची तर झोपेकडे बघावं. झोप न लागणं वेगळं आणि झोपेची गरजच न वाटणं वेगळं. नैराश्यातला माणूस पहाटे तीनला उठतो आणि कूस बदलत पडून राहतो. उन्मादाकडे निघालेला माणूस तीनला उठतो आणि ताजातवाना असतो. त्यासोबत बोलण्याचा वेग, पैशांची उधळण, मोठमोठे बेत, चिडचिड. हे आठवडाभर टिकलं किंवा रुग्णालयात ठेवायची वेळ आली, तर तो उन्माद. चार दिवस आणि सौम्य असेल तर तो हायपोमेनिया, आणि हाच जास्त हुकतो. कारण त्या दिवसांत घर खूश असतं. 'पोरगं कामाला लागलं' म्हणतात. हुरूप आला म्हणून कुणी कुणाला दवाखान्यात नेत नाही.

फक्त नैराश्यावरची गोळी बायपोलर असलेल्याला दिली, तर काही जणांत ती दुसऱ्या टोकाला ढकलू शकते. दादांच्या बाबतीत तसं झालेलं दिसतं. पहिल्या डॉक्टरांची चूक काढण्यापेक्षा मी एवढंच सांगेन : नैराश्याची गोळी सुरू होताना 'याआधी कधी कमी झोपेत खूप उत्साहाचे दिवस गेले होते का, घरात कुणाला असं झालं होतं का', हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला नाही, तर घरच्यांनी आपणहून सांगावं. रुग्णाला ते दिवस आजार म्हणून आठवत नाहीत. ते त्याला आपले चांगले दिवस वाटतात. हीच गोष्ट पुढे औषध सोडायला लावते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ के रेडफिल्ड जेमिसन या विषयाच्या तज्ज्ञ आणि स्वतः बायपोलरच्या रुग्ण. त्यांनी १९९५ मध्ये आत्मकथन लिहिलं. लिथियम आपल्याला वाचवतं हे पुरतं ठाऊक असूनही त्यांनी ते पुन्हा पुन्हा सोडलं होतं. एवढ्या जाणकार बाईंना उन्मादाचे दिवस ओढून नेत होते, तिथे दादांवर 'गोळ्या वेळेवर घेत नाही' म्हणून ओरडून काय साधणार? त्यांना त्या दिवसांची ओढ वाटते, हे आधी मान्य करा आणि मग बोला.

तो बरा असताना आणखी एक काम उरकून घ्या. पुन्हा झोप उडाली तर डॉक्टरांना कुणी फोन करायचा, एटीएम कार्ड कुणाकडे राहील, कर्जाच्या कागदावर घरातल्या दुसऱ्या कुणाशी बोलल्याशिवाय सही करायची नाही, हे त्याच्याच तोंडून ठरवून लिहून ठेवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशा आगाऊ सूचनांना जागा आहे. उपचार कसे हवेत, कसे नकोत आणि आपल्या वतीने कोण बोलेल, हे कुणीही सज्ञान माणूस आधीच लिहून देऊ शकतो.

प्रश्न : मागच्या महिन्यात जेवताना तो सहज म्हणाला, "मी नसतो तर तुमचं सगळ्यांचं बरं झालं असतं." मी विषय बदलला. विचारावंसं वाटतं, पण विचारलं तर नसलेलं डोक्यात यायचं. काय करू?

उत्तर : विचारा. हे पत्र छापून येण्याची वाट न पाहता तुम्हाला वेगळं कळवलं होतंच. इतर वाचकांसाठी इथे पुन्हा लिहितो.

विचारल्याने आत्महत्येचा विचार मनात पेरला जातो, ही समजूत अभ्यासांत अनेकदा तपासली गेली आणि दरवेळी खोटी ठरली. उलट विचारल्यावर बऱ्याच जणांचा ताण कमी होतो. महिनोन्महिने एकट्याने वाहिलेली गोष्ट कुणासमोर तरी मांडता येते. तुमच्या दादांनी ते वाक्य सहज म्हटलं, असं तुम्ही लिहिलंय. मला ते सहज वाटत नाही. माणूस बहुधा असं एक वाक्य टाकून समोरचा काय करतो ते बघतो. तुम्ही विषय बदललात हे माणसासारखंच झालं, पण आता तो विषय तुम्हालाच परत काढावा लागेल.

शांत वेळ बघा, पोरं आसपास नसताना. आडवळणाने बोलू नका. "दादा, त्या दिवशी तू म्हणालास ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. जीव नकोसा वाटतो का रे? जीव द्यावा असं मनात येतं का?" असंच विचारा. "असलं काही वेडंवाकडं नाही ना तुझ्या मनात?" असं विचारू नका. त्यात 'नाही' हे उत्तर आधीच भरलेलं असतं. तो हो म्हणाला तर घाबरून शपथा घालू नका, वहिनीचं-पोरांचं काय होईल ते ऐकवू नका. आपण सगळ्यांना ओझं झालो आहोत, ही त्या आजारातली सर्वांत जीवघेणी समजूत असते. पोरांची आठवण करून दिली की 'माझ्याविना त्यांचं बरं होईल' असंच तो मनात म्हणतो. त्याऐवजी ऐका, आणि मग पुढचं विचारा : कसं, कधी, असं काही ठरवलंय का? काही गोळा करून ठेवलंय का? याआधी कधी प्रयत्न केला होता का? ठरवलेलं आहे असं कळलं, तर त्याला एक क्षणही एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्यायचं. मध्यरात्र असेल तर १४४१६ हा केंद्र सरकारचा टेलि-मानसचा क्रमांक लावा. १० ऑक्टोबर २०२२ पासून तो सुरू आहे, चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तो रुग्णासाठी आहे तसाच तुमच्यासाठीही आहे.

आत्महत्येची ओढ चढते आणि उतरते. तिचा सर्वांत तीव्र काळ बऱ्याचदा थोडा असतो. तेवढा वेळ हाताशी घातक काही नसलं, तर माणूस पुष्कळदा वाचतो, आणि असे वाचलेले बहुतेक जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. म्हणून घरातली औषधं, लिथियमसकट, वहिनींच्या ताब्यात कुलुपात ठेवा आणि एका वेळी थोड्याच दिवसांच्या गोळ्या घरात असू द्या. हा दादांवरचा अविश्वास नाही, हे त्यांनाच सांगून करा.

दोन काळ विशेष जपा. एक, माणूस नैराश्यातून वर येऊ लागतो तेव्हा. अंगात बळ आधी येतं, आशा मागाहून येते, आणि मधल्या दिवसांत धोका वाढतो. घरच्यांना वाटतं, आता सुधारतोय, आणि ते सैल पडतात. दुसरा काळ रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे. बायपोलरमध्ये आणखी एक अवस्था येते, उदासी आणि उन्माद एकदमच : विचार काळे, पण अंग स्वस्थ बसू देत नाही. ती सर्वांत धोक्याची. दारू असेल तर आणखीच. दादांना लिथियम देण्यामागे हाही विचार असणार. मूडच्या आजारांत लिथियम घेणाऱ्यांमध्ये आत्महत्येचं प्रमाण कमी असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

आणि रोजच्यासाठी? सॅन फ्रान्सिस्कोचे मानसोपचारतज्ज्ञ जेरोम मोटो यांचं काम मला फार मोलाचं वाटतं. नैराश्य किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे रुग्णालयात राहून गेलेल्या आणि पुढचे उपचार नाकारलेल्या ८४३ जणांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला पाच वर्षं अधूनमधून चार ओळींची साधी पत्रं पाठवली. तुम्ही ठीक असाल अशी आशा आहे, काही कळवावंसं वाटलं तर आम्हाला आवडेल, एवढंच त्यांत असे. कसली मागणी नाही, उपदेश नाही. पहिल्या दोन वर्षांत या गटात आत्महत्येने झालेले मृत्यू स्पष्टपणे कमी होते. तुम्ही सासरी राहता, दादा माहेरी. रोज जाणं जमणार नाही. पण आठवड्यातून एकदा, गोळ्या घेतल्यास का हे न विचारता, दोन ओळी पाठवणं जमेल.

प्रश्न : हे आनुवंशिक असतं म्हणतात. भाच्याचं आणि माझ्या मुलीचं काय?

उत्तर : आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, पण तो नशिबाचा लेख नाही. आई किंवा वडिलांना बायपोलर असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता साधारण पाच ते दहा टक्के. म्हणजे दहातले नऊ जण किंवा त्याहून जास्त सुटतात. तुमच्या मुलीच्या बाबतीत ती याहूनही कमी. भाच्याने जागरणं टाळावीत, गांजा आणि दारूपासून दूर राहावं. स्थळ बघताना मुलीवर मामाच्या आजाराचा डाग लावून घेऊ नका.

ताई, शेवटच्या पानाच्या तळाशी तुम्ही एक ओळ लिहून खोडली आहे. ती तरीही वाचता आली : "मलाही हल्ली करमत नाही, पण माझं काय एवढं." एवढं आहे. घरातल्या एकाला असा आजार झाला की दुसरा माणूस झिजतो आणि त्याला स्वतःची लाज वाटते. तुम्ही स्वतः डॉक्टरांकडे जा. सौम्य ते मध्यम नैराश्यात गोळीच लागते असं नाही. बोलण्याच्या उपचारांनीही चांगला गुण येतो, आणि त्यासाठी दर वेळी मोठ्या शहरातला तज्ज्ञ लागतो असंही नाही. गोव्यात 'संगाथ' संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी केली, ती २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक लोकांनी तीव्र नैराश्य असलेल्यांशी सहा ते आठ बैठका केल्या. भर एकाच गोष्टीवर होता : मन लागेपर्यंत थांबायचं नाही, आधी छोटी छोटी कामं ठरवून सुरू करायची, मन मागून येतं. तीन महिन्यांनी या गटातल्या ६४ टक्क्यांची लक्षणं आजाराच्या रेषेखाली आली होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हा आकडा ३९ टक्के होता. तुम्ही भजनी मंडळात जायचं सोडलंय, असं पत्रातच आहे. या गुरुवारी अर्धा तास जाऊन या. आणि तरीही दोन आठवड्यांत मोकळं वाटलं नाही, तर मिरजेच्या त्याच डॉक्टरांकडे स्वतःच्या नावाचा केसपेपर काढा.

प्रश्न (दुसरं पत्र) : आमच्या भागात कुणी जिवाचं काही करून घेतलं तर लोक पोलीस केसच्या भीतीने सरकारी दवाखाना टाळतात. ओळखीचा खासगी डॉक्टर शोधण्यात वेळ जातो. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा आहे की नाही, ते एकदा स्पष्ट लिहा. ग्रामपंचायत म्हणून आम्ही काय करू शकतो?

उत्तर : जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या माणसाला आज शिक्षा होत नाही. भारतीय दंड संहितेत कलम ३०९ होतं, त्यात एक वर्षापर्यंत कैद होती. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्येच, मनाच्या आजाराने ग्रासलेल्या एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात, हे कलम घटनाबाह्य ठरवलं होतं. तो निकाल न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तीच भूमिका घेतली आणि १९९६ मध्ये मोठ्या पीठाने ती फिरवली. मग २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आला, २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याचं कलम ११५ सांगतं की असा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असं गृहीत धरलं जाईल, त्याच्यावर खटला चालणार नाही, आणि त्याची काळजी, उपचार व पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी राहील. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात जुनं ३०९ नाहीच. सरकारी नोकराला त्याच्या कामात अडवण्यासाठी किंवा काही करायला भाग पाडण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम २२६ मध्ये ठेवला आहे.

रुग्णालय पोलिसांना कळवतं, कागद होतो, हे खरं आहे. पोलीस विचारपूस करतात, कुणी छळ करून प्रवृत्त केलं का हे बघतात. पण त्या कागदासाठी उपचार थांबवता येत नाहीत, आणि कुणी थांबवत असेल तर तो कायद्याविरुद्ध वागतो. हे वाक्य ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिलंत तरी चालेल. खासगी डॉक्टर शोधण्यात जो वेळ जातो त्यात जीव जातो, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत २०२२ मध्ये महाराष्ट्रात २२,७४६ जणांचा मृत्यू आत्महत्येने झाला, देशात सर्वाधिक. कर्ज, नापिकी, घरातली भांडणं ही कारणं खरीच आहेत, आणि त्यांचा इलाज दवाखान्यात नाही. पण तेवढ्याच कर्जात एक जण तग धरतो आणि दुसरा कोसळतो, तेव्हा दुसऱ्याला नैराश्य किंवा दारूचं व्यसन होतं का, हे पाहायला हवं. कर्जमाफी आणि उपचार यांना एकमेकांविरुद्ध उभं करणाऱ्या वादात मला अर्थ दिसत नाही. दोन्ही लागतात.

गावाला करता येण्यासारखं सर्वांत पहिलं म्हणजे कीटकनाशकं घरात, हाताशी न ठेवणं. कुलूपबंद पेटी, किंवा गरजेपुरतंच आणणं. श्रीलंकेने सर्वांत घातक कीटकनाशकांवर १९९५ पासून टप्प्याटप्प्याने बंदी आणली, आणि तिथला आत्महत्येचा दर त्या वर्षाच्या शिखरापासून पुढच्या दोन दशकांत सुमारे ७० टक्क्यांनी खाली आला. लोकांची दुःखं काही ७० टक्क्यांनी कमी झाली नव्हती.

दुसरं उदाहरण तुमच्या शेजारचंच. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन नैराश्याबद्दल छोट्या बैठका घेतल्या, गरज असेल त्याला समुपदेशकाशी जोडून दिलं, आणि पुढे मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत नेलं. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण सुरुवातीला ४.३ टक्के होतं. दीड वर्षात ते २७.२ टक्क्यांवर गेलं, आणि आत्महत्येचे विचार येत असल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं.

तुमच्या आशाताईंना आणि अंगणवाडी सेविकांना विचारून बघा. कुठल्या घरात कोण गप्प झालंय हे त्यांना ठाऊक असतं, पण त्यानंतर कुणाला सांगायचं ते ठाऊक नसतं. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक असतं. त्यांना गावात शिबिरासाठी आणि या सेविकांच्या प्रशिक्षणासाठी बोलवता येतं. पत्र जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे, ग्रामपंचायतीच्या ठरावाची प्रत जोडून द्या. तारीख पेरणीच्या किंवा वेचणीच्या धांदलीतली नको, नाहीतर ज्यांना बोलवायचं तेच शेतात असतील.